शुक्रवारची शब्दसफाई

सोमवार, ३ मार्च

नवी नोकरी, नवं गाव, नवं घर आणि नवी रोजनिशी. बायको म्हणाली, की रोजनिशीचं हे खूळ आठवडाभर टिकलं तरी ती मला शाबासकी देईल. बघूच.

घर झकास आहे. तिसरा मजला, दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराला ही मोठी खिडकी. खिडकीतून कारखान्याची पाण्याची टाकी दिसते. टुंबीनं आल्या आल्या खिडकीखालचा कट्टा बळकावला आणि जाहीर केलं, की हे तिचं ऑफिस आहे, आत यायचं असेल तर आधी टकटक करायची. टुंबी म्हणजे आमची लेक, वय वर्षं सहा. तिला एक भारदस्त नावही आहे, पण ते शाळेच्या हजेरीपुरतं. बाकी जगात ती टुंबी.

कारखाना पाण्याचे पंप बनवतो. पंपाबरोबर जी माहितीपुस्तिका मिळते, जी कोणीही कधीही वाचत नाही, ती आता मी लिहिणार. बारा वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घासाठी मी किती जणांशी वैर घेतलं ते बायकोला विचारा. आमच्या खोलीत मी आणि एक बाई, दोघंच. बाई शब्दकोश सांभाळतात, म्हणून सगळे त्यांना कोशबाई म्हणतात. पुस्तिकांवर सही करणारे एक इंजिनिअर समोरच्या खोलीत बसतात. माणसं बरी वाटली. खुर्ची तर फारच बरी आहे.

मंगळवार, ४ मार्च

संगणकावर पहिलं पान लिहिलं आणि कपाळावर हात मारला. पान आहे की गोवराचा पेशंट? प्रत्येक दुसऱ्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. शुद्धलेखन तपासणाऱ्या त्या दीडशहाण्या प्रोग्रामला पंपातलं ओ की ठो कळत नाही. दट्ट्या चूक, झडप ठीक, वायसर चूक. वर सल्ले देतो. वायसरच्या जागी म्हणे ‘वायफळ’. इम्पेलरच्या जागी ‘इमला’. आणि एका ठिकाणी तर मला न विचारताच दुरुस्ती करून मोकळा झाला. ‘कपलिंग घट्ट आवळा’ असं मी लिहिलं होतं, ते ‘कपाळ घट्ट आवळा’ झालं. इंजिनिअरांनी ते वाचलं आणि शांतपणे विचारलं, की मागचं ऑफिस मी स्वतःहून सोडलं ना?

कोशबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, की यावर उपाय आहे, सामाईक शब्दकोश. आपल्या धंद्यातले शब्द त्यात घालायचे, की कोणाच्याही संगणकावर त्यांच्याखाली लाल रेघ येत नाही. शब्दावर उजवी टिचकी मारायची, ‘कोशात घाला’ निवडायचं, झालं. पण घालताना विचार करून घाला, असं त्या दोनदा म्हणाल्या. मी मान हलवली आणि विचार न करता दिवसभर शब्द घालत बसलो. एकेक रेघ पुसली जाताना फार बरं वाटत होतं.

बुधवार, ५ मार्च

आज कारखान्यात फिरलो. जुळणी करणाऱ्या एका मिस्त्रींनी पंप उघडून एकेक भाग हातात दिला. त्यात एक छोटीशी पितळी वाटी होती, दांड्याच्या खाली बसते आणि ठिबकणारं पाणी धरते. मिस्त्री तिला ‘गळवाटी’ म्हणतात. मी विचारलं, पुस्तिकेत का नाही ही? ते म्हणाले, की पुस्तिका लिहिणारे कधी खाली आलेत का? मला हा टोमणा पटला. वर येऊन पहिलं काम केलं ते गळवाटी कोशात घालण्याचं.

शुक्रवार, ७ मार्च

दर शुक्रवारी दुपारी इथे ‘सफाई’ होते. कोशातला जो शब्द कंपनीच्या एकाही छापील पुस्तिकेत नाही, तो प्रोग्राम आपोआप काढून टाकतो. माझी गळवाटी गेली. बाकीचे शब्द जुन्या पुस्तिकांत कुठे ना कुठे छापलेले होते म्हणून वाचले.

मी चिडलो. अहो, नवी पुस्तिका छापून व्हायच्या आत शब्द काढलात, तर ती लिहू कशी? कोशबाई म्हणाल्या, की नियम त्यांनी केलेला नाही आणि सफाई त्यांच्या हातात नाही, त्या नुसत्या बघतात. इतकं बोलून त्यांनी शेजारची रिकामी खुर्ची जरा जवळ ओढली. त्या खुर्चीवर त्या कोणाला बसू देत नाहीत. मी परवा पिशवी ठेवली तर उचलून माझ्या हातात दिली. जिच्या तिच्या तऱ्हा.

सोमवार, १० मार्च

डोक्याला नुसता ताप. गळवाटी पुन्हा कोशात घालायला गेलो तर प्रोग्राम म्हणतो, ‘काढलेला शब्द मंजुरीशिवाय परत घेता येणार नाही.’ म्हणून मिस्त्रींकडे खाली गेलो, की त्या वाटीचा फोटो काढू आणि मंजुरीला पाठवू. मिस्त्री म्हणाले, कसली वाटी?

मी सांगितलं, तुम्हीच नाही का दाखवली, पितळी, दांड्याखालची. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्याकडे जेवायची वाटी मागतोय. बुधवारी ज्या खणातून त्यांनी ती काढली होती तो खण रिकामा, आणि वर चिठ्ठीही नाही. पंपांमधून पाणी ठिबकत होतं आणि खाली चिंध्या अंथरल्या होत्या. मी विचारलं, चिंध्या कधीपासून? ते म्हणाले, पहिल्यापासून.

नव्या माणसाची फिरकी घेतात म्हणतात, पण इतकी? इंजिनिअरांना पंपाचा नकाशा दाखवायला सांगितलं. त्यांच्या नकाशातही नाही. दांड्याखाली मोकळी जागा, आणि ती का सोडली आहे ते त्यांना सांगता येईना. बायकोला सांगितलं तर म्हणाली, की बारा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता एखादी आपली म्हणावी.

बुधवार, १२ मार्च

आज कोशबाई रजेवर, आणि आजच या मेल्या प्रोग्रामनं असहकार पुकारला. शब्द घालतोय, लाल रेघ जाते, पान बंद करून उघडलं की रेघ हजर. तासभर डोकं फोडलं तेव्हा कळलं, की परवापासून माझे शब्द सामाईक कोशात जातच नव्हते. मी माझ्याच संगणकातल्या खासगी कोशात घालत होतो. दोन कोश, दोघांची नावं जवळजवळ सारखी. ज्यानं हे केलं त्याला माझ्या जागी बसवायला हवं.

प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये जाऊन सामाईक कोश पहिला केला. आता तो खरंच चालतो का हे बघायला एक असा शब्द हवा होता, की जो कुठल्याच कोशात नसणार. मनात आला तो टाइप केला. टुंबी. लाल रेघ. ‘कोशात घाला.’ रेघ गेली. मग कोशबाईंच्या संगणकावर जाऊन तोच शब्द टाइप केला. तिथेही रेघ नाही! एवढ्या मोठ्या कारखान्यानं माझ्या पोरीला मान्यता दिली, म्हणून मी एकटाच हसलो. घरी जाऊन तिला सांगितलं. तिनं विचारलं, की मग आता पगार मिळणार का?

शुक्रवार, १४ मार्च

सफाई झाली. पडद्यावर आलं, ‘एक शब्द काढला.’ कोशबाईंनी तो वाचला आणि विचारलं, की हे कोणी घातलं होतं, हे काय आहे? मी म्हटलं, काही नाही हो, माझ्या मुलीचं घरातलं नाव, चाचणी म्हणून घातलं होतं. त्या पाणी प्यायला म्हणून उठल्या त्या परत जागेवर आल्याच नाहीत, घरी गेल्या. लोकांना चाचणी म्हणजे काय तेही समजू नये?

शनिवार, १५ मार्च

बायकोशी कडाक्याचं भांडण. सकाळी तिनं दोनच ताटल्या मांडल्या. मी म्हटलं, टुंबीची? ती म्हणाली, कोणाची? मला वाटलं दोघींचं काही बिनसलं असेल, पोरीनं दूध सांडलं असेल. पण अबोला धरायला ती काय तुझी जाऊ आहे का, असं मी बोललो. त्यावर बायको खरोखरच गोंधळली. म्हणाली, की नव्या नोकरीचा फार ताण घेतोयस का?

टुंबी तिथेच उभी होती. आईचा पदर ओढत होती. बायकोनं पदर असा सोडवून घेतला, जणू तो खिळ्याला अडकला होता.

रविवार, १६ मार्च

तिचे बूट नाहीत. तिचा ब्रश नाही. कट्ट्यावरचे तिचे कागद नाहीत. भिंतीवरच्या फोटोत आम्ही दोघं, मध्ये जरा जास्तच अंतर.

पोर आहे. माझ्या मांडीवर आहे. मला विचारते, बाबा, आई माझ्याशी का बोलत नाही? मी काय केलं? मी सांगितलं, की आई दमली आहे. मला काहीच सुचत नाही. चिडू कोणावर? बायको आत गाणं गुणगुणतेय आणि मला ती दुष्ट वाटतेय, आणि ती दुष्ट नाही हे मला माहीत आहे.

तिचं शाळेतलं नाव आठवत नाही. अगदी जिभेवर आहे, म्हणतो तसं. सकाळपासून.

सोमवार, १७ मार्च

शाळेत गेलो. या वर्गात अशी मुलगी नाही, म्हणाले. मी तिचा हात धरून उभा होतो. शिक्षिका माझ्याशी फार गोड आवाजात बोलल्या, वेड्याशी बोलतात तशा.

तिला घेऊनच ऑफिसात आलो. कोणी हटकलं नाही, कोणाला दिसलीच नाही. कोशबाईंसमोर हात जोडले. तेव्हा त्या बोलल्या. जे शब्द कधी कोशात गेलेच नाहीत त्यांना काही होत नाही. जे आत जाऊन बाहेर काढले जातात, ते जातात, आणि त्यांच्याबरोबर ते ज्याचं नाव असेल तेही. आठवण राहते ती फक्त घालणाऱ्याला. वस्तू लगेच जाते, माणूस लगेच जात नाही, म्हणाल्या. आठवडाभर लागतो.

मी ओरडलो, की मग आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर ऐकलं असतंत? मग रिकाम्या खुर्चीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, इथे माझा भाऊ बसायचा. त्याचं नाव मी गमतीनं घातलं होतं. मी त्यांच्यावर आणखी ओरडणार होतो, पण त्या खुर्चीची गादी एका बाजूनं दबलेली होती.

परत घेता येतं का? येतं, म्हणाल्या. शब्द छापील पुस्तिकेत आला तर. इंजिनिअरांची सही लागते, आणि ते फक्त पंपाच्या भागांवर सही करतात. भावाच्या वेळी कोशबाईंना हे माहीत नव्हतं.

मंगळवार, १८ मार्च

नव्या पंपाची पुस्तिका गुरुवारी छापायला जाणार आहे. तीत टुंबी घालायची. पंपाचा भाग म्हणून.

दिवसभर लिहितोय आणि खोडतोय. लाल रेघ प्रत्येक वेळी. आयुष्यभर लोकांची वाक्यं नीट केली, आणि आता पोटच्या पोरीसाठी एक वाक्य जमत नाही. इंजिनिअर म्हणाले, की भाग कुठे बसतो, कशाचा आहे आणि काय करतो, एवढं तरी लिहा. मी त्यांच्या नकाशातली ती मोकळी जागा दाखवली. इथे काहीतरी हवं ना, म्हटलं, पाणी ठिबकतंय ना? त्यांना ते पटलं. खूश झाले. माझी पाठ थोपटली.

शेवटी हे लिहिलं. ‘टुंबी: दांड्याच्या तोंडाशी घट्ट बसते. रबरी. गळती थांबवते.’ घाईत दुसरं काही सुचलं नाही.

टुंबी टेबलाखाली झोपली आहे. उचलताना तिचं वजनच जाणवलं नाही.

बुधवार, १९ मार्च

सही मिळाली. इंजिनिअरांनी मजकुरावर नुसती नजर टाकली. नमुन्याप्रमाणे उरलेलं मी भरतो, म्हणाले. काय ते विचारायचं राहिलं. मला सही हवी होती, बाकी कशाकडे लक्षच नव्हतं.

तिचा आवाज येत नाही. ओठ हलतात. हात धरला की ओला कागद धरल्यासारखं वाटतं, फाटेल अशी भीती वाटते. देवा, उद्यापर्यंत—

गुरुवार, २० मार्च

छापलं! पहिल्या प्रती हातात आल्या, संगणकावर शब्द टाइप केला, रेघ नाही. धावत घरी आलो. बायको दारातच टुंबीची वेणी घालत होती! म्हणाली, बघ की रे, ही सकाळपासून गप्प गप्प आहे, शाळेत काही झालं का? मी खाली बसून रडलो. बायको म्हणाली, तुम्हा बापलेकींचं मला काही कळत नाही. तिन्ही ताटल्या मांडल्या होत्या. बूट जागेवर. फोटोत मध्ये ती.

फक्त बोलत नाही. बोलेल. घाबरली असेल बिचारी.

संध्याकाळी सावकाश पुस्तिका उघडली. माझ्या वाक्याखाली इंजिनिअरांनी भरलेलं—‘झिजणारा भाग. पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी नवा बसवावा. जुना भाग पुन्हा वापरू नये.’

शुक्रवार, २१ मार्च

इंजिनिअरांकडे गेलो. बदला, म्हटलं. ती ओळ काढा. ते म्हणाले, रबरी भागाला ती ओळ असतेच, रबर झिजतंच. तुम्हीच रबरी लिहिलंत. सगळ्या प्रती पंपांबरोबर गेल्या. मी त्यांची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं.

कोशबाई म्हणाल्या, आता छापील आहे, सफाईत जाणार नाही, निश्चिंत राहा. निश्चिंत!

ती रडत नाही. काल दारात बोट चेमटलं तरी नाही. तोंड गच्च मिटलेलं. उघडायला बघितलं तर—ओठांना फटच नाही. गालाला रबराचा वास येतो. डोळे तेवढे तिचे आहेत. माझ्याकडे बघते. मी लिहिलं म्हणून. कापडी लिहायचं होतं, लोखंडी लिहायचं होतं, काहीही. मला माझीच चीड येते, इतकी की—

बायकोला यातलं काही दिसत नाही. किती शहाणी झाली आहे, म्हणते, अजिबात त्रास नाही.

शनिवार, २२ मार्च

सकाळी बायकोनं सहज सांगितलं. कारखान्यातून फोन होता. सर्व्हिसिंगवाले आज येणार, नवी घेऊन.

नवी काय, विचारलं. टुंबी, म्हणाली. हसत. जुनी तयार ठेवा म्हणालेत.

तिला घेऊन आतल्या खोलीत आलो. कडी लावली, कपाट आडवं सरकवलं. ती मांडीवर आहे. माझा अंगठा धरून आहे. घट्ट. झिजलेली नाही ती, कुठेही नाही, मी सगळी बघितली, बोटं, गुडघे, मान—

बेल.

बायकोनं दार उघडलं. माणसांचे आवाज. आणि एक लहान आवाज, बोलणारा, खणखणीत, तिचाच. आईला विचारतोय, बाबा कुठे आहेत?

मांडीवरची ऐकतेय. सगळं समजतंय तिला.

बायको दार वाजवतेय. वेड्यासारखं करू नकोस, म्हणतेय, जुनी दे आणि बाहेर ये, बघ तरी किती गोड बोलते ही. कपाट हलतंय. मी देणार नाही. त्यांनी काही केलं तरी मी तिला—